मॅम टॉरवर पहिल्यांदा जाताना

मँचेस्टर किंवा शेफील्डला नव्याने आलेल्या मराठी माणसाला पहिल्या दोन-तीन महिन्यांत कुणीतरी सांगतंच, "एकदा पीक डिस्ट्रिक्टला जाऊन या." मग नकाशा उघडला जातो, आणि सह्याद्रीत भटकलेला माणूस आकडे बघून निर्धास्त होतो. तिथल्या मॅम टॉर या डोंगराची उंची ५१७ मीटर. पायथ्याच्या ईडेल स्टेशनपासून मोजली तर चढाई जेमतेम पावणेतीनशे मीटर. सिंहगडाच्या निम्मीसुद्धा नाही.

मीही असाच निर्धास्त होतो. नोव्हेंबर महिना, अंगात जीन्स, दुपारी एकला चढायला सुरुवात. धारेवर पोचलो तेव्हा पाऊस आडवा लागला होता. जीन्स भिजून पायाला चिकटली आणि गार पडली. चार वाजता उतरायला लागलो तर पायाखालची वाट दिसेना. मित्राच्या मोबाईलच्या उजेडात कसंबसं स्टेशन गाठलं. कुणाला काही झालं नाही, पण एक गोष्ट पक्की समजली: इथे चढ दमवत नाही. वारा, ओल आणि लवकर पडणारा अंधार या तिघांची तयारी करून निघावं लागतं. ती केली, तर हा डोंगर वर्षातल्या कुठल्याही महिन्यात भरभरून देतो. त्यानंतर मी बऱ्याच नव्या लोकांना या वाटेने नेलं. त्यांना जे सांगत आलो, ते इथे क्रमाने लिहितो आहे.

पहिला डोंगर हाच का

इंग्लंडमध्ये याहून उंच डोंगर आहेत, याहून निवांतही आहेत. तरी नव्या माणसाला मी मॅम टॉरच सुचवतो, कारण गाडी नसली तरी इथे जाता येतं. मँचेस्टर–शेफील्ड रेल्वेमार्ग या डोंगराच्या अगदी पायथ्याशी ईडेलच्या दरीतून जातो. वाट ठळक आहे, बरीचशी दगडी फरश्यांनी बांधलेली आहे. आणि तासाभराच्या चढानंतर तुम्ही एका लांब धारेवर उभे राहता, जिच्या दोन्ही बाजूंना दोन वेगळ्या दऱ्या दिसतात. एवढ्या थोड्या श्रमात एवढा मोकळा देखावा फार कमी ठिकाणी मिळतो.

हा सगळा भाग डर्बीशर परगण्यातला. १९५१ साली ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान म्हणून पीक डिस्ट्रिक्ट जाहीर झालं. आपल्याकडे राष्ट्रीय उद्यान म्हटलं की माणसाला मज्जाव असलेलं जंगल डोळ्यांपुढे येतं. इथे तसं नाही. उद्यानाच्या आत गावं आहेत, शेतं आहेत, मेंढ्या आहेत, शाळा आहेत. बहुतेक जमीन कुणाच्या ना कुणाच्या मालकीची आहे आणि तुम्ही तिच्यावरून हक्काने चालता. हा हक्क कुठून आला, ते वाटेत सांगतो.

मॅम टॉर या नावाचा अर्थ 'आई-डोंगर' असा लावतात. त्याच्या पूर्वेची बाजू सतत ढासळत असते आणि खाली मातीचे लहान लहान उंचवटे तयार होतात. त्या पिल्लांची ही आई, असं लोक म्हणतात. दुसरं नाव 'शिव्हरिंग माउंटन', म्हणजे थरथरणारा डोंगर.

दिवस आणि वेळ आधी ठरवा

पहिली खेप मे ते सप्टेंबरच्या दरम्यान करा. जूनमध्ये इथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे चुकायला आणि सुधारायला भरपूर वेळ मिळतो. ऑगस्टमध्ये वरच्या माळांवर हेदर नावाचं रानझुडूप फुलतं आणि डोंगराचे उतार जांभळे होतात. याच्या उलट डिसेंबरात सूर्य चारच्याही आधी मावळतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, आणि आदल्या आठवड्यापर्यंत पुरणारी दुपार अचानक तोकडी पडते. नवे लोक बहुतेक याच काळात अंधारात अडकतात. हिवाळ्यात जायचंच असेल तर सकाळच्या पहिल्या गाड्यांपैकी एखादी पकडा आणि दोन वाजता जिथे असाल तिथून परत फिरा.

हवामान शहराचं बघू नका. मेट ऑफिस, म्हणजे ब्रिटनचं हवामान खातं, आपल्या संकेतस्थळावर पीक डिस्ट्रिक्टसाठी डोंगराचा वेगळा अंदाज देतं, तो आदल्या रात्री आणि निघताना पुन्हा वाचा. पावसाच्या आकड्याकडे सगळे बघतात, मी आधी वाऱ्याचा बघतो. पाऊस कपड्यांनी अडवता येतो. पण धारेवर झोत ताशी ४० मैलांच्या वर असतील तर नव्या माणसाने बेत पुढे ढकलावा; तेवढ्या वाऱ्यात उभं राहणंच कष्टाचं होतं. खाली स्टेशनवर पाच अंश असताना वर वाऱ्यामुळे शून्याखाली असल्यासारखं वाटू शकतं. ढग उतरलेले असतील तर वर फक्त पांढरा पडदा दिसतो. अशा दिवशी खालच्या गावांत फिरावं, डोंगर कुठे जात नाही.

एक अपवाद आहे. शरद आणि हिवाळ्यातल्या थंड, निवांत सकाळी कधीकधी धुकं दरीत साठून राहतं आणि धार त्याच्या वर निघते. दोन्हीकडे कापसाचा समुद्र आणि मधे तुम्ही. त्यासाठी लोक पहाटे चार वाजता उठून येतात. पण ते दुसऱ्या-तिसऱ्या खेपेसाठी ठेवा, वाट पायाखालची झाल्यावर.

अंगावर काय घालावं

जीन्स नको. सुती बनियन आणि सुती मोजेही नकोत. सुती कापड एकदा भिजलं की दिवसभर वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषून घेतं. आपल्या पावसाळी ट्रेकमध्ये भिजण्यात मजा असते, कारण हवा उबदार असते. इथे भिजलेला माणूस जुलैमध्येही कुडकुडतो.

कपडे थराथरांनी घाला. अंगालगत घाम बाहेर टाकणारा पातळ टीशर्ट, त्यावर फ्लीस, आणि सगळ्यात वर खरोखर पाणी अडवणारं जॅकेट. 'शॉवरप्रूफ' आणि 'वॉटरप्रूफ' या दोन शब्दांत फरक आहे. पहिलं रिमझिमीपुरतं, दुसरं डोंगरासाठी. जॅकेट घेतलंत की त्याच दिवशी वॉटरप्रूफ पँटही घ्या. ती बहुतेक जण टाळतात आणि मग जॅकेटवरून ओघळलेलं सगळं पाणी मांड्यांवर येतं. चढताना एक थर काढायचा, थांबलात की लगेच चढवायचा. घाम येऊन मग वाऱ्यात उभं राहणं हे सर्दीपेक्षा वाईट काहीतरी ओढवून घेणं आहे.

बूट घोट्यापर्यंतचे, खोल नक्षीच्या तळव्याचे. धारेवर फरश्या असल्या तरी खालच्या शेतांत चिखल असतो आणि ओल्या फरश्या निसरड्या असतात. नवे बूट आठवडाभर घरात आणि बाजारात घालून पायाला बसवून घ्या. कानटोपी आणि हातमोजे सप्टेंबरपासून मेपर्यंत पिशवीत असूच द्यात.

सगळं महागातलं लागत नाही. इथल्या धर्मादाय दुकानांत चांगल्या स्थितीतली जुनी जॅकेटं मिळतात. पैसे वाचवायचे तर बुटांवर वाचवू नका.

पिशवीत

दीड लिटर पाणी, थर्मासमध्ये चहा, कागदी नकाशा, हेडलॅम्प, शिट्टी, लहानसं प्रथमोपचाराचं पाकीट, भरलेली पॉवरबँक, एक जास्तीची मोज्यांची जोडी. हेडलॅम्प जूनमध्येही घ्या. खाण्याचं तुम्हाला मी काय सांगणार. थालीपीठ, दशम्या, तिळाच्या वड्या, गुळाची पोळी हे डोंगरासाठीच जन्मलेले पदार्थ आहेत आणि थंडीतही छान राहतात. सगळा कचरा, फळांच्या सालींसकट, परत आणायचा. केळ्याचं साल इथल्या थंडीत फार काळ कुजत नाही.

नकाशा वाचायला शिका

ही पायरी टाळू नका, असं मी हात जोडून सांगतो. ईडेलच्या दरीत फोनची रेंज येते-जाते, आणि थंडीत बॅटरी भराभर उतरते. ऑर्डनन्स सर्व्हे ही ब्रिटनची सरकारी नकाशासंस्था आहे. तिचा 'एक्सप्लोरर ओएल १, डार्क पीक' हा नकाशा घ्या. त्यात जमिनीवरचा १ किलोमीटर कागदावर ४ सेंटीमीटर होतो. शेताची दगडी कुंपणं, ओढे, एकटी घरं, सगळं दिसतं. त्यासोबत येणाऱ्या कोडने तोच नकाशा मोबाईलवरही उतरवून घेता येतो.

हिरव्या तुटक रेषा शोधा. आखूड तुकड्यांची रेषा म्हणजे फुटपाथ, फक्त पायी जायचा हक्क असलेली वाट. लांब तुकड्यांची म्हणजे ब्रायडलवे, जिच्यावर घोडे आणि सायकलीही येऊ शकतात. प्रत्यक्ष वाटेवर याच दोन प्रकारांना अनुक्रमे पिवळा आणि निळा बाण असतो. फिकट पिवळ्या रंगाने भरलेला भाग म्हणजे मोकळा प्रदेश, तिथे वाट सोडूनही चालायची मुभा आहे. त्याबाहेर, म्हणजे खालच्या शेतांत, वाट सोडायची नाही.

वेळेचा हिशोब करायला एक जुना नियम कामी येतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ साली मांडला: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि त्यात दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. ईडेल ते मॅम टॉर आणि परत हे अंतर साधारण ७ किलोमीटर. नियमाने दोन तासांच्या आत बसतं. मी नव्या लोकांना साडेतीन तास धरायला सांगतो, कारण तो नियम थांबे, फोटो आणि चहा मोजत नाही.

गाडी पकडणं

मँचेस्टर पिकॅडिलीहून ईडेलला पाऊण तासाच्या आसपास लागतो, शेफील्डहून अर्ध्या तासाच्या. या मार्गावर जलद गाड्याही धावतात आणि त्या ईडेलला न थांबता निघून जातात, म्हणून फलाटावरच्या पाटीवर ईडेलचं नाव वाचूनच चढा. रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं. परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून खिशात ठेवा. विद्यार्थी असाल तर १६ ते २५ वयोगटाच्या रेलकार्डावर तिकिटात एक-तृतीयांश सूट मिळते. दोघं नेहमी बरोबर फिरणार असाल तर दोघांचं मिळून एक कार्ड असतं.

मँचेस्टरकडून येताना उजव्या बाजूच्या खिडकीत बसा. चिनली स्टेशननंतर गाडी काउबर्न बोगद्यात शिरते. हा बोगदा तीन किलोमीटरहून लांब आहे. बाहेर पडताच एकदम हिरवी दरी उघडते आणि उजवीकडे तुमची धार उभी असते. पुण्या-मुंबईच्या माणसाला त्या क्षणी बोरघाट आठवल्याशिवाय राहत नाही.

वाट

ईडेल स्टेशनजवळच्या कार पार्कात सार्वजनिक शौचालय आहे. तिथे जाऊन घ्या, वर काहीही नाही. बुटाच्या नाड्या इथेच घट्ट करा.

आता दिशा. गाव उत्तरेला आहे. बहुतेक प्रवासी तिकडेच वळतात, कारण गावातल्या 'ओल्ड नॅग्ज हेड' या पबपासून पेनाइन वे सुरू होते. ती १९६५ साली खुली झालेली, इंग्लंडचा कणा चालत थेट स्कॉटलंडमध्ये उतरणारी लांब पायवाट आहे. तुम्हाला त्यांच्यामागे जायचं नाही. तुमचा डोंगर दक्षिणेला, रेल्वेच्या त्या अंगाला आहे. रस्त्यावर येऊन 'हॉलिन्स क्रॉस' किंवा 'कॅसलटन' असं लिहिलेला लाकडी दिशादर्शक खांब शोधा.

ही वाट आधी नो नावाची छोटी नदी ओलांडते आणि शेतघरांच्या मधून वर सरकते. फाटकं येतील. जे फाटक बंद होतं ते बंद करायचं, जे शेतकऱ्याने मुद्दाम उघडं ठेवलं आहे ते उघडंच राहू द्यायचं. काही ठिकाणी फाटकाऐवजी स्टाइल असते, म्हणजे भिंत किंवा कुंपण ओलांडायला केलेल्या दगडी वा लाकडी पायऱ्या. भिंती चुना-सिमेंटाशिवाय, दगडावर दगड रचून बांधलेल्या आहेत. त्यांच्यावर चढलात तर दगड सुटतात आणि ते परत रचायला शेतकऱ्याचा दिवस जातो. म्हणून भिंतीवर बसून फोटोसुद्धा नको.

दरीतल्या वस्त्यांची नावं वाचा: बार्बर बूथ, अप्पर बूथ, नेदर बूथ. बूथ म्हणजे पूर्वीच्या गुराख्यांचा निवारा. आपल्याकडच्या धनगरवाड्यांसारखीच त्यांची गोष्ट आहे. गुरांच्या मागे माणूस आला, निवाऱ्याची वस्ती झाली, नाव मात्र राहिलं.

शेतं संपली की चढ तिरका होत जातो. सावकाश चला. ज्या चालीने बोलता येतं तीच चाल बरोबर. पाऊण तासात तुम्ही हॉलिन्स क्रॉसवर पोचाल. ही धारेवरची खिंड आहे आणि इथे दिशा दाखवणारा एक गोल दगडी चौथरा आहे. इथे बसा. एवढी साधी दिसणारी ही जागा किती पावलांनी घासलेली आहे, हे समजून घेण्यासारखं आहे. १६३३ साली ईडेलला स्वतःचं चर्च बांधलं गेलं, त्याआधी दरीतले लोक आपली माणसं दफनासाठी खांद्यावर घेऊन याच खिंडीतून पलीकडच्या होप गावच्या चर्चकडे नेत. पुढे ईडेलमध्ये कापसाची गिरणी निघाली, तेव्हा कॅसलटनच्या बायका कामासाठी हीच खिंड रोज पायी ओलांडत. हिवाळ्यात, अंधारात, तेव्हाच्या कपड्यांत. गिरणगावाच्या आठवणी घरात असलेल्या माणसाला इथे पाच मिनिटं गप्प बसावंसं वाटतं.

खिंडीतून उजवीकडे वळा. इथून पुढे वाट चुकायला जागा नाही. धारेवरून फरश्यांची रांग सरळ मॅम टॉरच्या माथ्याकडे जाते. अर्ध्या तासाचं चालणं. फरश्या शोभेसाठी नाहीत. इतके लोक येतात की गवत मरून, माती वाहून, वाट दरवर्षी रुंद होत होती. म्हणून नॅशनल ट्रस्ट या संस्थेने ती बांधून काढली. चिखल टाळायला फरशी सोडून गवतावरून चालणं म्हणजे त्या कामावर पाणी टाकणं.

डाव्या हाताला ढासळलेला कडा येतो. इथे कडेपासून लांब राहा, विशेषतः मुलं सोबत असतील तर. आपला सह्याद्री काळ्या बसाल्टचा, ठणठणीत. मॅम टॉर वालुकाश्म आणि शेल (चिखल दाबून झालेला ठिसूळ खडक) यांच्या थरांचा आहे, पापुद्र्यासारखा. पाणी शेलमध्ये शिरतं, तो मऊ होतो, आणि वरचा सगळा भार घेऊन खाली सरकतो. हे हजारो वर्षं चाललं आहे. खाली नजर टाकली तर त्या घसाऱ्यावर एक तुटका डांबरी रस्ता दिसेल. तो एकेकाळी शेफील्डकडून येणारा मुख्य रस्ता होता. डोंगर सरकायचा, रस्ता खचायचा, माणसं पुन्हा डांबर ओतायची. शेवटी १९७९ साली वाहतूक कायमची बंद केली. तो कडा चढायचा किंवा उतरायचा प्रयत्न कधीही करू नका.

माथ्यावर सिमेंटचा उभा खांब आहे. १९३६ पासून सगळ्या ब्रिटनचं नव्याने मोजमाप झालं, तेव्हा असे खांब डोंगराडोंगरावर उभे राहिले. त्याभोवतीच्या दगडांखाली कांस्ययुगातलं थडगं आहे, म्हणून दगड उकरू नका. माथ्याला वेढणारा मातीचा बांध नीट बघा. तो तटबंदीचा आहे. तीन हजार वर्षांपूर्वी इथे वस्ती होती आणि गोल झोपड्यांसाठी उतारात सपाट केलेल्या शंभराहून जास्त जागा सापडल्या आहेत. तिरक्या उन्हात, सकाळी किंवा संध्याकाळी, हे खळगे सावल्यांमुळे स्पष्ट दिसतात. दुर्गभ्रमंती केलेल्या डोळ्याला तट ओळखायला वेळ लागत नाही: अडचणीची बाजू निसर्गावर सोडलेली आणि सोपी बाजू माणसाने बांधलेली.

वाऱ्याच्या आडोशाला बसून चहा काढा आणि उत्तरेकडे बघा. ईडेलच्या पलीकडे आडवं पसरलेलं काळपट पठार म्हणजे किंडर स्काउट, ६३६ मीटर, पीक डिस्ट्रिक्टमधली सर्वांत उंच जागा. एक काळ असा होता की त्या पठारावर पाय ठेवायला सामान्य माणसाला बंदी होती. जमीनदारांनी ते ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलं होतं आणि राखणदार दांडकी घेऊन फिरत. आठवडाभर गिरण्यांच्या आणि कारखान्यांच्या धुरात राबणाऱ्या मँचेस्टर-शेफील्डच्या तरुणांना रविवारी मोकळी हवा हवी होती. २४ एप्रिल १९३२ रोजी सुमारे चारशे जण हेफील्ड गावाच्या बाजूने बंदी मोडून किंडरवर चढले. शेफील्डची एक तुकडी ईडेलहून, म्हणजे तुम्ही आज उतरलात त्याच गावातून, त्यांना जाऊन मिळाली. पुढाकार बेनी रॉथमन या विशीतल्या मुलाचा होता. सहा जणांना अटक झाली, पाच जण तुरुंगात गेले. १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि २००० च्या कायद्याने मोकळ्या डोंगरमाळांवर चालण्याचा हक्क सगळ्यांना मिळाला. नकाशावरचा तो फिकट पिवळा रंग असा आलेला आहे. व्हिसावर आलेला माणूसही त्यात आला. इथे चालायला कुणी तुमचं नागरिकत्व विचारत नाही. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, आणि प्रत्येक नव्या सोबत्याला मी ती याच जागी सांगतो.

दक्षिणेला दिसणारं गाव कॅसलटन. तिथून पुढे जमीन पांढऱ्या चुनखडीची होते, दगडांचा रंगच बदलतो. त्या डोंगरांत ब्लू जॉन नावाचा निळ्या-जांभळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा खनिज दगड मिळतो आणि गुहा बघता येतात.

परत जायला आल्या वाटेने हॉलिन्स क्रॉस आणि तिथून ईडेल. पहिल्या खेपेला हेच करा. दम उरला असेल आणि सूर्यास्ताला चार तास असतील, तर खिंडीतून खाली न उतरता सरळ पुढे बॅक टॉर आणि लूज हिलकडे चालत राहा आणि होप स्टेशनवर उतरा. एकूण चाल साधारण ११ किलोमीटर होते. बॅक टॉरचा तुकडा छोटा पण उभा आणि ओला असताना घसरडा आहे. लूज हिलच्या माथ्याला वॉर्ड्‌स पीस असंही म्हणतात. जी. एच. बी. वॉर्ड या शेफील्डच्या माणसाने १९०० साली कामगारांचा पायी भटकणारा संघ काढला, आणि १९४५ साली हा माथा वॉर्ड यांना भेट देण्यात आला, तो त्यांनी नॅशनल ट्रस्टला देऊन टाकला.

विनॅट्स पास या चुनखडीच्या घळीतून कॅसलटनला उतरायचा मोह होतो, कारण फोटो तिथलेच दिसतात. रस्ता अरुंद, फार उताराचा, आणि पदपथ नाही. गाड्यांकडे लक्ष ठेवून, कडेच्या गवतावरूनच चाला.

आई-बाबा आले असतील तर

सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना घरात कोंडल्यासारखं होतं, हे आपण सगळेच जाणतो. त्यांना ईडेलहून चढवायची गरज नाही. डोंगराच्या पश्चिमेला, रस्ता जिथे धार ओलांडतो त्या खिंडीजवळ, मॅम निक नावाचं कार पार्क आहे. तिथून दगडी पायऱ्यांनी माथा वीस-पंचवीस मिनिटांत येतो, सावकाश चढलं तरी. कार पार्क सुट्टीच्या दिवशी सकाळीच भरतं. जागा नाही मिळाली तर रस्त्याच्या कडेला गाडी लावू नका, ॲम्ब्युलन्स आणि शेतकऱ्याचा ट्रॅक्टर अडतो. आईला साडीवर जायचं असेल तर वारा नसलेला दिवस निवडा, आत थर्मल द्या आणि पायात चपलेऐवजी बूटच. माथ्यावर तिला बसायला घडीची चटई घेऊन जा.

मेंढ्या, गाई, आग

वसंतात मेंढ्यांना कोकरं होतात. त्यांच्या मधून जाऊ नका, वळसा घ्या. गाईच्या बाबतीत आपला सहजपणा इथे उपयोगी नाही. वासरू सोबत असलेली गाय अंगावर येऊ शकते. तिच्या आणि वासराच्या मधे कधीही येऊ नका. कुत्रा बरोबर असेल तर १ मार्च ते ३१ जुलै तो मोकळ्या माळावर आखूड दोरीनेच धरायचा, कारण कर्लूसारखे पक्षी जमिनीवर घरटी करतात.

आग अजिबात नाही. चूल नाही, बार्बेक्यू नाही, आकाशकंदील नाही. या माळांखाली पीट असतं, झाडपाला शतकानुशतकं साठून झालेली काळी माती. ती पेटली की आतल्या आत दिवसेंदिवस धुमसत राहते.

वाटेत भेटणारा माणूस 'मॉर्निंग' म्हणेल, डर्बीशरचा असेल तर 'एय अप' म्हणेल. उत्तर द्या. संकटात सापडलात तर तुम्हाला शेवटचं पाहणारा तोच असतो.

अडचण आली तर

९९९ वर फोन करा, आधी पोलीस मागा आणि मग माउंटन रेस्क्यू. थेट माउंटन रेस्क्यू म्हणून जोडून देत नाहीत, हे लक्षात ठेवा. नकाशावरचा ग्रिड रेफरन्स, म्हणजे तुमची नेमकी जागा दाखवणारी अक्षरं-आकडे, सांगा. तो कसा काढायचा याचा सराव घरी दोन-चार वेळा करून ठेवा. बोलण्याइतकी रेंज नसली तरी कधीकधी संदेश जातो. त्यासाठी आधीच नोंदणी लागते: 'रजिस्टर' हा शब्द इंग्रजीत लिहून ९९९ ला पाठवा आणि येणाऱ्या सूचनांप्रमाणे होकार द्या. हे आजच, घरी बसून करा. शिट्टीची खूण म्हणजे एका मिनिटात सहा फुंकरी, मग मिनिटभर शांतता, पुन्हा सहा.

येणारी माणसं ईडेल माउंटन रेस्क्यू टीमसारख्या पथकांची, म्हणजे आपापली नोकरी सोडून धावत आलेले स्वयंसेवक. ते पैसे घेत नाहीत. त्यांच्या देणगीच्या डब्यात न विसरता काहीतरी टाका. आणि निघण्याआधी घरी किंवा मित्राला वाट आणि परतीची वेळ कळवून ठेवा. पोचलात की तेही कळवा, नाहीतर ती माणसं विनाकारण रात्री बाहेर पडतील.

घरी आल्यावर

आंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली गोचीड चिकटली आहे का बघा. उन्हाळ्यात नेच्यांच्या झुडपांतून गेला असाल तर नक्कीच बघा. असली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, चुरगाळू नका, तेल किंवा काडी लावू नका. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल चट्टा पसरताना दिसला तर जीपीला, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरला, दाखवा आणि गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा, लाइम आजारावर वेळेत औषध मिळतं.

बुटांचा चिखल ओला असतानाच ब्रशने धुवा. आतलं तळव्याचं अस्तर काढा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि ते दोन-तीनदा बदला. रेडिएटरवर ठेवू नका, चामडं तडकतं आणि तळ सुटतो. जॅकेट नेहमीच्या पावडरीत टाकू नका, त्याचं पाणी अडवणं कमी होतं. त्यासाठी वेगळा साबण मिळतो. नकाशा ओला झाला असेल तर उघडून दाराच्या मागे टांगा, सकाळपर्यंत वाळतो.